एक उमेदवार कमी

माझ्या बायकोला विनोद कळत नाही असं नाही. पण परीक्षेचे फॉर्म भरायच्या दिवसांत केलेला विनोद ती सरळ फॉर्मवर उतरवते, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला ठाऊक नव्हतं. त्यामुळे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, सरकारी नोकरी अंगात आणि कँटीनची भजी पोटात पुरेशी मुरलेली असताना, मी भरतनाट्यमच्या प्रारंभिक परीक्षेचा उमेदवार झालो.

बायको मूळची डोंबिवलीची, मी चिपळूणकडचा. मला सिल्वासात नोकरीने आणलं आणि तिला मी आणलं, असं ती पाहुण्यांना सांगते. आवाजात तक्रार नसते, नोंद असते. क्वार्टरमध्ये पहिल्या दिवशी सामान उतरवलं तेव्हा गॅसच्या शेगडीआधी तिने एक लाकडी ठोकळा आणि एक हातभर दांडा बाहेर काढला. मला वाटलं, कपडे धुवायचं काहीतरी असेल. तो ताल धरायचा दांडा होता. गुरूने ठोकळ्यावर दांडा आपटायचा आणि शिष्याने त्यावर पाय टाकायचे. दांड्याला चुकून पाय लागला तर नमस्कार करायचा. नृत्यातलं माझं शिक्षण एवढंच झालं आणि पुढची पंचवीसेक वर्षं मी त्यावर भागवलं.

बाहेरच्या जगाला सिल्वासा दोन गोष्टींसाठी माहीत आहे: कारखान्यांतून निघणारा धागा आणि दुकानांत मिळणारी दारू. दुसऱ्या गोष्टीसाठी लोक शनिवारी गाड्या करून येतात. भरतनाट्यमसाठी कोणी आलेलं मी पाहिलेलं नाही. तरी बायकोने क्लास काढला. आधी आमच्या पुढच्या खोलीत, आणि खालच्या मजल्यावरच्यांनी आपला पंखा पडेल अशी रास्त भीती व्यक्त केल्यावर जवळच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. मुली सगळ्या भाषांच्या यायच्या. हात वर केला की त्यांच्या अंगात आपसूक गरबा यायचा. एकीची आई दर जूनमध्ये येऊन विचारायची, "मॅडम, नवरात्री सुधी आवडी जशे ने?" नवरात्रापर्यंत येईल ना, म्हणून. बायको शांतपणे सांगायची की नवरात्रापर्यंत नीट उभं राहता येईल. निम्म्या मुली तिथेच गळायच्या.

ज्या राहायच्या त्यांच्यासाठी परीक्षा असते. परीक्षा घेणारं मंडळ लांबचं. ते सिल्वासात परीक्षक पाठवतं, पण ठरावीक उमेदवार जमले तरच. एकही कमी पडला तर केंद्र रद्द आणि सगळ्यांनी सुरतेला जायचं. त्यामुळे फॉर्म भरायच्या महिन्यात आमच्या घरात निवडणुकीचं वातावरण असतं. कोण उभं राहणार, कोण माघार घेणार, कोणाच्या आजीची समजूत काढायची. त्या वर्षी बायकोने सगळं जुळवून आणलं आणि शेवटच्या आठवड्यात एका मुलीच्या वडिलांची कंपनी दुसऱ्या राज्यात हलली. कंपनीबरोबर वडील गेले आणि वडिलांबरोबर उमेदवार.

लहान मुलींचं त्यात काही अडत नव्हतं, त्या पुढच्या वर्षी बसल्या असत्या. अडत होतं ते एकीचंच. ती क्लासमधली सगळ्यात मोठी मुलगी. तिचे वडील शिरपूरकडचे, सिल्वासाजवळच्या सायलीत धाग्याच्या कारखान्यात मशीनवर होते. ती शाळेत असताना बायकोने तिथलं स्नेहसंमेलन बसवलं होतं. तेव्हा ही मागच्या रांगेत उभी होती आणि पुढच्या रांगेच्या चुका तिला मागून दिसत होत्या. तशी ती क्लासला आली आणि राहिली. आता ती विशारदच्या शेवटच्या परीक्षेला बसणार होती. सिल्वासाजवळच्याच खेरडीकडच्या एका शाळेने कबूल केलं होतं की विशारद होऊन ये, जूनपासून नाच शिकवायला घेतो. वडिलांनी दुसरीकडे शब्द टाकून ठेवला होता, कारखान्याच्या पॅकिंग खात्यात. तिची आई तिथेच होती. एक पाळी, जाता-येता सोबत. माणूस वाईट नव्हता. नाच सिल्वासात आहे तोवर त्याची ना नव्हती, पण परीक्षेसाठी तरुण मुलीने सुरतेला जाऊन मुक्काम करायचा हे त्याला पटणारं नव्हतं. म्हणजे केंद्र राहिलं तर मुलगी शाळेत आणि गेलं तर पॅकिंगमध्ये, इतकं ते सरळ होतं.

बायकोने जुन्या मुलींना फोन केले, त्यांच्या आयांना केले, वरच्या मजल्यावरच्या बँकेतल्या बाईंनाही विचारून पाहिलं. फॉर्म पाठवायच्या आदल्या दिवशी ती ताटातल्या भाताला हातही लावत नव्हती. मला ते बघवेना. म्हणून मी भात कालवता कालवता म्हणालो, एवढंच असेल तर माझं नाव घाल. ती उठली आणि फॉर्म घेऊन आली. माझी जन्मतारीख विचारायला लागली तेव्हा मी म्हणालो, इतक्या वर्षांनी तुला ती ठाऊक नाही हे बरं नाही. ती म्हणाली, "तारीख ठाऊक आहे. सन सांगा."

नाव घालायचं आणि परीक्षेच्या दिवशी आपलं पोट दुखायचं, असा माझा हिशोब होता. सरकारी माणसाला हे शिकवावं लागत नाही. पण बायकोने तो तोंडावरूनच ओळखला. फॉर्म भरला म्हणजे शिकायचं, शिकलं म्हणजे परीक्षेला उभं राहायचं, खोटं डोकं आपल्या केंद्रात बसणार नाही, असं तिने सांगून टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इथे तर पायही दाखवायचे होते.

मला शिकवायला तिने स्वतः नकार दिला. नवराबायकोत बोलाचालीला घरातले विषय पुरेसे आहेत, त्यात तालाची भर नको, असं तिचं म्हणणं. शिवाय मोठ्या मुलीला पुढे शाळेत शिकवायचं होतं आणि शिकवायचा सराव अजून झाला नव्हता. ज्याला मुळीच येत नाही आणि येण्याची शक्यताही कमी आहे अशा माणसावर हात बसला तर पुढे तिला काही जड जाणार नाही. अशा रीतीने मी त्या मुलीचा पहिला विद्यार्थी झालो.

पहिला धडा नमस्काराचा होता. नाच सुरू करण्याआधी जमिनीला हात लावून नमस्कार करतात, कारण आपण आता तिच्यावर पाय आपटणार. त्याची आधीच माफी मागून ठेवायची. मला ही पद्धत फार सभ्य वाटली. आमच्या खात्यात आधी आपटतात, माफीची तरतूद नाही.

दुसरा धडा अरमंडीचा. टाचा जुळवायच्या, पावलं दोन बाजूंना वळवायची, गुडघे बाहेर काढायचे आणि पाठ ताठ ठेवून अर्धं खाली बसायचं. अर्धं म्हणजे नेमकं अर्धं. तिथून वर यायचं नाही आणि खालीही जायचं नाही. सगळा नाच त्याच उंचीवर करायचा असतो. माझ्या गुडघ्यांनी तोवर फक्त समोर जायचं काम केलेलं होतं. बाजूला जायचं म्हटल्यावर त्यांनी आवाज काढले. माझ्या शेजारी एक आठ वर्षांची गुजराती मुलगी उभी असायची. ती या अवस्थेत आरामात बसून वेणीची रिबीन नीट करायची आणि मधूनमधून माझ्याकडे काळजीने पाहायची. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना लावत आलो. हॉलची फरशी खरोखरच एका बाजूला उतरती आहे, पण हे मी तिथे कोणालाही पटवून देऊ शकलो नाही.

शिकवणारीला माझ्याबद्दल संकोच होता तो पहिला आठवडाभर. "काका, जमेल तसं करा" असं म्हणायची. मग तिच्या लक्षात आलं की जमेल तसं सांगितलं तर काका काहीच करत नाहीत. त्यानंतर तिने दांडा हातात घेतला. पाय चुकला की ठोकळ्यावर एक जोराची थाप यायची आणि सगळं पहिल्यापासून. रागावत नसे, आवाज चढवत नसे. नुसतं "परत" म्हणायची. हा शब्द इतक्या थंडपणे उच्चारता येतो हे मला माहीत नव्हतं. मी स्वतः कचेरीत टेबलामागे बसून "उद्या या" म्हणत असतो, पण त्यात ही ताकद नाही.

रात्रीच्या जेवणावर बायको तोंडी परीक्षेचा भाग घ्यायची. तंजावरला मराठी राजे होते, त्यांच्या दरबारात या नाचाला आजचं रूप येत गेलं, मराठीतही रचना झाल्या. तेव्हा तुमचा याच्याशी काही संबंध नाही असं समजू नका, हे तिने मला कढी वाढता वाढता सांगितलं. आणि हेही सांगितलं की ज्या बायकांनी पिढ्यानपिढ्या देवळांत हा नाच सांभाळला त्यांनाच पुढे लोकांनी नावं ठेवली, त्यांना तोंड लपवून राहावं लागलं. नाच चांगल्या घरांत आला, त्याला शास्त्रीय म्हटलं गेलं, त्या बायका मात्र बाहेरच राहिल्या. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. परीक्षेला हे विचारतात का, मी विचारलं. नाही, म्हणाली, पण माहीत असू द्या.

कचेरीत मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण जिना चढताना माणूस कठड्याला धरून थांबू लागला की चौकशा होतात. आमचा शिपाई इथल्याच दुधनीचा, वारली. त्यांच्यात तारपं वाजायला लागलं की गावच्या गाव हात धरून नाचतं. मी परीक्षेचं सांगितलं तेव्हा त्याने बराच विचार केला आणि विचारलं की नापास झालं तर काय करतात. पुन्हा बसतात, मी म्हणालो. त्यांच्यात ज्याला येत नाही तो शेवटच्याचा हात धरून लागतो आणि फिरता फिरता त्याला येतं, असं त्याने सांगितलं. ही पद्धत मंडळाला कळवावी असं मला मनापासून वाटलं.

परीक्षा तोंडावर आली आणि एका शनिवारी ती मुलगी बायकोशी कोपऱ्यात बोलत उभी होती. पॅकिंगमध्ये जागा झाली होती. हजर व्हायचं होतं परीक्षेच्याच दिवशी. वडिलांनी ठरवलं होतं की परीक्षा राहू द्यायची, आणि उद्या ते स्वतः येऊन बायकोला तसं सांगणार होते. निरोपाने सांगणं त्यांना बरं वाटत नव्हतं. घरी आल्यावर बायको कुकरकडे बघत उभी राहिली. शिट्ट्या किती झाल्या हे तिला कळलं नाही, मलाही नाही, आणि आम्ही वरणाऐवजी पिठलं खाल्लं.

रविवारी बायकोने थर्मासमध्ये चहा नेला आणि त्या माणसाशी काय बोलायचं याची मनात जुळणी केली. शिकवणारी नेहमीसारखी आली आणि तिने मला नेहमीसारखं पुढे उभं केलं. मला वाटत होतं आज तिने मला सोडावं, स्वतःचं काही करावं. पण तिने दांडा उचलला. मी त्या दिवशी नेहमीपेक्षाही वाईट नाचत होतो.

तेवढ्यात ते दारात आले. चपला काढून एका बाजूला उभे राहिले. मुलीची पाठ दाराकडे होती, म्हणून तिला ते दिसले नाहीत. मला दिसले, आणि त्यांना मी दिसलो. आमची ओळख जुनी होती. रहिवासाच्या दाखल्यासाठी ते माझ्या टेबलापुढे कागद घेऊन उभे राहिलेले होते, हात जोडून "साहेब" म्हणालेले होते, आणि मी चष्म्यावरून बघून त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलेलं होतं. आता तोच साहेब जुनं धोतर खोचून, घामाघूम होऊन, गुडघे फाकवून अर्धा खाली बसलेला होता. मी घाईने उभा राहिलो.

ठोकळ्यावर थाप पडली. "मी थांबा म्हटलं नाही," ती म्हणाली.

मी पुन्हा खाली बसलो. आठ वर्षांची मुलगी खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. शिकवणारी माझ्याभोवती फिरून आली, दांड्याच्या टोकाने तिने माझं पडलेलं कोपर वर उचललं आणि म्हणाली, "परत." मी परत केलं. "परत." मी परत केलं. दारातला माणूस हलला नाही. मला लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू, पण थांबायची हिंमत होत नव्हती. असं करता करता एकदा काय झालं कोण जाणे, हात, पाय आणि दांडा तिन्ही एका वेळी पोहोचले. पायाखालून तो आवाज आला तेव्हा मी दचकलो. इतकी वर्षं घरात तो ऐकत होतो, पण माझा कधी आला नव्हता. "हां," ती म्हणाली. "हे लक्षात ठेवा." मग ती वळली आणि तिला वडील दिसले.

बायको चहाचा कप घेऊन पुढे झाली. तिचं बोलणं तयार होतं, पण त्यांनी कप घेतला आणि तिच्याऐवजी माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, ही तुम्हाला रोज असंच बोलते?"

"रोज," मी म्हणालो.

"अन् तुम्ही ऐकता?"

नाही ऐकलं तर पहिल्यापासून करावं लागतं, असं मी सांगितलं. त्यांनी चहा संपवला. बायकोने पॅकिंगचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले की सुपरवायझर आपल्याच गावाकडचा आहे, परीक्षेपुरता थांबेल, पुढचं पुढे बघू. कप खिडकीत ठेवला आणि गेले.  मुलीने मला नमस्कारापासून सुरू करायला सांगितलं.

परीक्षक बाई सुती साडीतल्या, साठीच्या. आधी लहानांची परीक्षा. माझं नाव पुकारल्यावर मी पुढे झालो तेव्हा त्यांनी विचारलं, उमेदवार कुठे आहे. मग त्यांनी पुन्हा कागद पाहिला, चष्मा काढून पुसला आणि सुरू करा म्हणाल्या. मी केलं. पायांचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. हातांच्या मुद्रा ओळीने दाखवायच्या होत्या त्यात मी पताक केला, त्रिपताक केला, आणि पुढे एक अशी मुद्रा केली जी बाईंनीही आधी पाहिलेली नसावी. शेवटी त्यांनी पेन ठेवलं आणि या वयात हे कशासाठी करता, असं विचारलं. खरं सांगितलं असतं तर केंद्रावर बेतलं असतं. खोटं मला ऐन वेळी सुचत नाही. मी म्हणालो, "शिकवणारी सोडत नाही." बाईंनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या.

मोठ्या मुलीची पाळी आली तेव्हा हॉलचं दार लावून घेतलं. आत फक्त परीक्षक, ती आणि ताल धरायला, गायला बायको. मी बाहेर आलो तर चपलांजवळच्या पायरीवर तिचे वडील बसलेले. रात्रपाळी करून तसेच आले होते, डब्याची पिशवी मांडीवर होती. आत सोडत नाहीत का, त्यांनी विचारलं. कोणालाच नाही, मी म्हणालो आणि धोतर सावरून त्यांच्या शेजारी बसलो.

दाराच्या फटीतून ठोकळ्याचा आवाज येत होता आणि त्यावर पायांचा. ते लक्ष देऊन ऐकत होते. मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखायची सवय असावी. तिने आजवर कितीदा तरी नाच केला होता, पण पाळ्यांमुळे त्यांना तो कधी पाहता आला नव्हता. आत पाय जलद होत गेले, एकदम थांबले, आणि मग काहीच येईना. नुसतं बायकोचं गाणं, तेही हळू. त्यांनी माझा हात धरला.

"पाय थांबले. चुकली का ती?"

नाही, मी म्हणालो. आता पायांचं काम नाही, आता चेहरा आणि हात. एक मूल रुसलंय आणि आई त्याची समजूत काढतेय. तुम्हाला कसं कळतं, त्यांनी विचारलं. ते गाणं आमच्या भिंतीपलीकडून मी वर्षानुवर्षं ऐकलेलं होतं, मला न विचारता ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं होतं. मी त्यांना सांगत गेलो. आता ती लोणी देते म्हणतेय. आता मूल तोंड फिरवतं. आता तिने त्याच्या हनुवटीला हात लावला. ते लावलेल्या दाराकडे बघत ऐकत होते, आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मला रडू येत होतं. धोतराचा सोगा असतो हे त्या वेळी बरं वाटलं.

मग पाय पुन्हा सुरू झाले. "चालू झाली," ते म्हणाले आणि त्यांनी माझा हात सोडला.

निकाल यायला महिने गेले. तोवर ती पॅकिंगला जाऊ लागली होती. संध्याकाळी हॉलवर यायची तेव्हा बोटांना चिकटपट्टीच्या कडांनी चिरा पडलेल्या असायच्या, आणि मुद्रा दाखवताना त्या दिसायच्या. बायको घरून मलम घेऊन जायची. शाळेने दोनदा विचारलं होतं आणि दुसऱ्या कोणाचं तरी नावही त्यांच्यापुढे होतं. बायको सकाळी उठल्यावर देवाआधी मोबाइल बघायला लागली.

एके दिवशी निकाल आला. मुलगी पहिल्या वर्गात पास झाली होती. बायकोने हॉलमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, मुलींनी टाळ्या वाजवल्या, तिने बायकोच्या पायांना हात लावला. मग तिने माझ्या निकालाचं विचारलं. दूध नासलं हे सांगावं तशा आवाजात बायकोने सांगितलं, की मी नापास आहे. आठ वर्षांची मुलगी विशेष योग्यतेने पास होती. केंद्राचं काही बिघडत नव्हतं, उमेदवार हजर होता एवढं पुरेसं होतं, त्यामुळे मला वाईट वाटायचं कारण नव्हतं. थोडं वाटलं. मोठी मुलगी मात्र भिंतीला टेकून खाली बसली आणि दांडा मांडीवर घेऊन बसूनच राहिली. पुढे ती हॉलवर आलीच नाही. कोणालाच काही कळेना. शाळेची चिठ्ठी हॉलवर येऊन पडली होती आणि ती न्यायला माणूस नव्हता, शेवटी बायकोने ती तिच्या घरी पाठवून दिली.

मग तिचे वडील माझ्या कचेरीत आले. गर्दीची वेळ होती. ते रांगेत उभे राहिले, मी हाक मारली तरी रांग सोडून आले नाहीत. नंबर आल्यावर त्यांनी कागदाऐवजी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. पॅकिंग सोडलं, जूनपासून शाळा, असं त्यांनी सांगितलं. मी उठून त्यांचा हात हातात घेतला. पेढा तोंडात टाकला. पण ते निघेनात. मागचे लोक कुरकुरायला लागले. त्यांनी हात जोडले, दाखल्याच्या वेळी जोडले होते तसेच.

"साहेब, पोरगी नीट जेवत नाही. म्हणते, पहिलाच विद्यार्थी अन् तो नापास. शाळेत कोणत्या तोंडाने जाऊ?" आणि थांबून, आपल्या अहिराणीवर येत म्हणाले, "मन्ही पोर नवी शे, साहेब. तिची चूक पोटात घाला. तुम्ही परत बसा."

दोष माझ्या गुडघ्यांचा आहे, तिने तर जीव तोडून शिकवलं, हे मला सांगायचं होतं, पण तोंडात पेढा होता. मी मान हलवली. बसेन म्हणून. एवढ्यात मागे उभ्या असलेल्या माणसाने त्यांना जरा चिडूनच विचारलं, की साहेब तुमचे नातेवाईक आहेत का, इतका वेळ काय चाललंय. ते मागे वळले. आजवर कोणत्याही कचेरीत मी त्यांना एवढं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"नातेवाईक नही," ते म्हणाले. "ह्या मन्ही पोरना विद्यार्थी शेतस."

त्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी पेढा गिळला आणि पुढचा कागद घेतला.